वरून जाणारे

मे महिन्यात आमची गच्ची रात्री दहाला उघडते.
आधी दोन बादल्या पाणी. फरशी चर्र करते,
मग वाफ, मग गाद्या.
नंदनवनातल्या आमच्या ओळीत सगळ्यांचं असंच.
मधे कंबरेएवढी भिंत,
तिच्यावरून लोणचं जातं, मच्छरदाणीच्या दोऱ्या जातात
आणि मतं.

सोनकुसरे काका वीज मंडळातून निवृत्त.
नव्या मीटरवर त्यांचा राग आहे, रीतसर, तारीखवार.
"आधी आपण मीटरकडे पाहत होतो, भाऊ.
आता ते आपल्याकडे पाहून राहिलं."
या महिन्यात हे चौथ्यांदा झालं,
आणि चौथ्यांदाही मला ते खरंच वाटलं.

पलीकडे धकाते मास्तर, भूगोलाचे.
युद्ध कुठलंही असो, त्यांना दोन्ही बाजू चुकलेल्या दिसतात
आणि तिसरी फक्त त्यांनाच ठाऊक असते.
"तेल," ते म्हणतात, आणि थांबतात.
"जवसाचं का?" माझा नवरा विचारतो.
मास्तर कूस बदलतात.

वर विमानं.
आपलं गाव मधोमध, म्हणून सगळी वरून जातात;
उतरत नाहीत फारशी.
वेदांतच्या फोनवर ती पिवळी पिवळी सरकतात.
आम्ही मालगाडीचे डबे मोजायचो तसा तो नावं घेतो:
सिंगापूर ते फ्रँकफर्ट. बँकॉक ते पॅरिस.
साडेअकराचं ते पॅरिसचं.
मला त्याच्या दिव्याची सवय झालीय.
तिथल्या खिडकीत कोणी जागं असलंच
तर त्याला आम्ही म्हणजे एक पिवळट डाग,
ज्याच्याविषयी काही मत असायचं कारण नाही.

हेडाऊंची तृप्ती मिहानमध्ये यंत्राला मराठी शिकवते.
सुट्टी होती, ती सांगत होती:
"काल ते म्हणालं, 'करून राहिली' हे चूक आहे."
चारही गच्च्या एकदम उठून बसल्या.
युद्धावर एवढी एकी कधी झाली नव्हती.
"त्याले म्हणा," हेडाऊ बाई म्हणाल्या,
"मे महिन्यात इथी एक रात्र काढ,
मंग सांग, काय चूक अन् काय बरोबर."
तृप्ती हसली. मग उशीची खोळ नीट करत म्हणाली,
"पूर्ण शिकलं, की मला सुट्टीच."
यावर मास्तरांनाही तिसरी बाजू सापडेना.
काकांनी भिंतीवरून तिला
खरबुजाची एक फोड दिली.

परवा साडेअकरा वाजले आणि काहीच गेलं नाही.
वेदांतनं फोन झटकला, बंद करून चालू केला.
नकाशावर पश्चिमेकडे एक भोक,
आणि विमानं त्याला वळसा घालणारी,
सांडलेल्या पाण्याला मुंग्या घालतात तशी.
"आकाश बंद केलंय तिकडे," तो म्हणाला.
नळ बंद होतो, दुकान बंद होतं,
आमची मॉडेल मिल बंद झाली तेव्हा मी चौथीत होते.
आकाशाचं मला माहीत नव्हतं.

मास्तर बोटानं देश दाखवू लागले.
बोटासमोर पाण्याची टाकी होती.
मी विचारलं, तिकडे गच्च्या असतात का हो?
ते जरा वेळ गप्प राहिले.
"असतात. सपाट छपरं.
उन्हाळ्यात तेही वरच झोपतात."
आणि मग, स्वतःशीच:
"तीस वर्षं शिकवलं. हे कधी पेपरात काढलं नाही."

कोणी मत दिलं नाही.
कोणीतरी सांगितलं, उद्या नळ पाचलाच येणार आहे.

पावणेतीनला एक गेलं.
नेहमीच्या वाटेनं नाही, जरा दक्षिणेकडून.
वेदांत झोपला होता,
फोन त्याच्या पोटावर एकदा उजळून विझला.
मी उठवलं नाही.
कुठून कुठं ते न कळताच
दिवा टाकीमागं गेला,
आणि खाली, आमच्या रिकाम्या खोलीत,
कूलरचा पंप कोरडाच
ओरडून राहिला होता.